लाल शाईतला शेरा

रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. गायीमागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे भाजीची गाडी, आणि सगळ्यांत शेवटी स्कूटरवर ती. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. कामावर पोचायला हातात वीस मिनिटं होती आणि रस्ता अर्ध्या तासाचा होता. म्हणजे उशीर झालेलाच होता, आता त्यात भर पडणार एवढंच.

स्कूटर लावून ती पुढे गेली. गायीच्या मानेशी एक तरुण गुडघे टेकून बसला होता. केसांत गवताची काडी, बाह्या कोपरापर्यंत वर, एका हातानं मानेतली सुई सांभाळलेली आणि दुसऱ्या हातात औषधाची बाटली. हात दोनच असल्यामुळे तो वैतागलेला होता. कोण आलंय हे न बघताच तो म्हणाला,

"जरा ही बाटली धरता का? उंच... अजून थोडी... हां, तिथंच."

तिनं धरली. काही विचारायच्या आतच धरली, याचं तिलाच नवल वाटलं.

"किती वेळ?"

"ती उठेपर्यंत."

"आणि नाही उठली तर?"

"तर मग आपणही इथंच." तो नळीतले थेंब मोजत होता. "काल व्यायली. दूध उतरलं तसं अंगातलं कॅल्शियम सगळं तिकडे गेलं. मालक बिचारा हळूहळू दवाखान्याकडे आणत होता, तर इथं बसकण मारली. औषध भराभर सोडलं तर... हृदय थांबतं."

एवढं बोलून त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं, आणि घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे, गायीचं."

तिनं हसू दाबलं. दंडाला रग लागली होती, बोटं थंडीनं बधिर झाली होती, ट्रॅक्टरवाला मागून काहीतरी पुटपुटत होता. पण गायीच्या पाठीवरून थरथर गेलेली तिनं पाहिली, गार पडलेले कान हलताना पाहिले. मग गायीनं एक दणदणीत ढेकर दिला, मागचे पाय सरळ केले आणि काही झालंच नाही अशा थाटात उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं टाळी वाजवली.

"मी इतक्या जवळून गाय पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "एरवी माझ्याकडे गायी नळीतून येतात."

तो हात पुसता पुसता थांबला. "तुम्ही... पशुरोग प्रयोगशाळेत?"

"हो."

"दुधाचे नमुने तपासता? लाल शाईनं लिहिता?"

"आणि ज्यांचं अक्षर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं असतं, ते डॉक्टर तुम्ही."

"माझे तीन नमुने नापास केलेत तुम्ही."

"चार," ती स्कूटरकडे वळत म्हणाली. "चौथ्याचा कागद आज मिळेल तुम्हाला."

* * *

प्रयोगशाळा म्हणजे जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या. एकीत काचेची भांडी धुतली जायची, दुसरीत नमुने यायचे, आणि तिसरीत लॅबवाली बसायची. सगळे तिला लॅबवालीच म्हणत. आडगावचे गोठेवाले तर फोनवर 'लॅबवाल्या ताई आहेत का' असंच विचारत. तिच्या खोलीत दिव्याखाली थाळ्या मांडलेल्या असत. तळहातात मावतील एवढ्या, झाकणाच्या, आत रक्त मिसळलेली लाल खळ. आजारी गायीचं दूध त्यावर ओढायचं, रात्रभर उबेत ठेवायचं, आणि सकाळी कोण उगवलंय ते बघायचं. एकाच जातीचे ठिपके उगवले तर चोर सापडला. पाच जातींची जत्रा भरली, तर समजायचं की नमुना घेताना कुणाचा तरी हात, शेपटी नाहीतर शेण मध्ये आलं. मग लाल शाई. 'नमुना अस्वीकार्य.'

त्या दिवसानंतर गुरांच्या डॉक्टरचे नमुने सुधारले. पाचवा पास झाला. सहाव्याच्या कागदावर 'शेरा' या रकान्यात, जिथे एरवी कुणी काही लिहीत नाही, तिथे त्यानं लिहिलं होतं: 'सड तीनदा पुसला, पहिल्या धारा सोडल्या, श्वासही रोखून धरला. गाय तापट आहे. लॅबमधल्या कुणाची तरी आठवण येते.'

तिनं अहवालावर लाल शाईत उत्तर दिलं: 'नमुना स्वीकारला. शेरा अस्वीकार्य.'

पुढच्या कागदावर: 'शेरा सुधारून पाठवत आहे. गाय तापट नाही, स्पष्टवक्ती आहे.'

'आता बरा आहे. अक्षर मात्र तेच.'

असं दीड महिना चाललं. टपालाच्या पिशवीतून बर्फाच्या डब्याबरोबर कागद येत, आणि ती नळ्या मोजायच्या आधी शेरा वाचत असे. हे आपण करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा दोन दिवस ती मुद्दाम नळ्याच आधी मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा शेरा आधी.

आणि एक दिवस पिशवी आलीच नाही, तो स्वतः आला. हातात बर्फाचा डबा, चेहऱ्यावर शेरे लिहिणाऱ्या माणसाचं काहीच नाही.

"अकरा नळ्या आहेत," तो म्हणाला. "एकाच गोठ्यातल्या. चोवीस गायी, त्यातल्या अकरांच्या कासा सुजल्यात. एक औषध दिलं, चार दिवस बरं वाटलं, परत सूज. दुसरं दिलं, तेच. आता तिसरं काय देऊ, मला कळत नाही."

"गोठा कुणाचा?"

"माझ्या आत्याचा."

तिनं थाळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरांवर एकाच जातीचे सोनेरी ठिपके उगवले. मग तिनं त्या जंतूंची दाट पेरणी केली आणि वर पाच औषधांच्या पाच चकत्या ठेवल्या, टिकलीएवढ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर होता. तिनं थाळी उजेडासमोर धरली.

"बघा. औषध चालत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. जंतू तिथे येत नाहीत."

पाचांपैकी एका चकतीभोवती छान गोल मोकळी जागा होती. बाकी चौघींना जंतू अगदी खेटून उभे होते, शेजारणीला भेटायला आल्यासारखे.

त्यानं थाळी फिरवून पुन्हा बघितली. "इतके शहाणे कसे झाले हे?"

"शहाणे होत नाहीत हो ते." तिनं स्टूल पुढे ओढलं. या विषयावर ती कुणालाही, कितीही वेळ सांगू शकत असे. "लाखांत एखादा मुळातच थोडा वेगळा निघतो. चुकून. त्याच्यावर औषध चालत नाही. एरवी त्याला कुणी विचारत नाही, गर्दीत एक. पण औषध आलं की बाकीचे मरतात आणि घर सगळं त्याला मोकळं. त्याची पोरं, नातवंडं, सगळी तशीच. वर हे आपली विद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. जितक्या वेळा उगाच औषध द्याल, तितक्या वेळा आपण त्यालाच निवडून देतो."

"उगाच..." तो हळूच म्हणाला. "आत्या गाय नुसती खोकली तरी सुई टोचते. कपाटात कासेत सोडायच्या औषधाच्या उरलेल्या ट्यूबा असतात. आणि औषधाचं दूध विकायचं नाही म्हणून वासरांना पाजते."

"म्हणजे वासरांच्या पोटातसुद्धा निवडणूक."

तो हसला. हसल्यावर त्याच्या डाव्या गालावर, दाढीत लपलेली एक छोटी खळी पडली. लॅबवालीनं थाळीचं झाकण दोनदा लावलं.

"मी येऊ का गोठा बघायला?" तिनं विचारलं. "औषध एकच उरलंय. तेही याच रीतीनं वाया घालवलं, तर मग माझ्याकडे दाखवायला चकती नाही."

* * *

पहाटेच्या धारा चालू असताना ती गोठ्यात पोचली. वाफाळलेलं दूध, ओला चारा, यंत्राचा एका लयीतला चुसुक-चुसुक आवाज. आत्या साठीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. चोवीस गायींची कुंडली त्यांना तोंडपाठ होती.

लॅबवाली कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. पाचव्या गायीपर्यंत तिला हवं ते दिसलं. एक बादली, बादलीत एक फडकं. आत्या फडकं पिळायच्या, गायीचे सड पुसायच्या, पुन्हा बादलीत बुडवायच्या, पुढच्या गायीकडे. आजारी, निरोगी, सगळ्या एका माळेत.

"आत्या, रागावू नका," ती म्हणाली, "पण औषधाच्या आधी हे फडकं बंद करायला हवं. एकीचे जंतू तुम्ही स्वतः दुसरीला नेऊन देताय."

आत्यांनी फडकं तसंच बादलीत टाकलं.

"तीस वर्षं गोठा करतेय मी," आत्या म्हणाल्या. "या फडक्यानं माझ्या गायी मोठ्या झाल्या. तुम्ही आत्ता कुठे नळीतून बाहेर येऊन गाय बघताय, आणि मला शिकवताय?"

लॅबवालीनं डॉक्टरकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. थाळी त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यानं एक शब्द बोलायचा होता, फक्त एक.

तो दाव्याची गाठ सोडवत राहिला. गाठ नव्हतीच तिथे.

"बरं," ती म्हणाली. "येते मी."

स्कूटरवरून जाताना वारा डोळ्यांत शिरत होता, म्हणून पाणी येत होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुढचे आठ दिवस नमुने आले. नीट आले. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा होता. तिनंही लाल शाईत फक्त निकाल लिहिले. नवव्या दिवशी आई म्हणाली, "पोरी, तू गेला आठवडाभर भाजीत मीठ घालत नाहीयेस." आई घरी शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता तिला सगळं दिसायचं.

दहाव्या दिवशी तो आला. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर उभा, आत यायला पाय उचलत नव्हता.

"नमुना कुठाय?" तिनं विचारलं.

"नमुना नाही... मीच आहे." तो थांबला. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. आत्यानं मला वाढवलं, त्याच गोठ्यात. अजून ती नुसती बघते आणि माझी जीभ टाळूला चिकटते. बाहेर मी पाचशे किलोच्या बैलाला घाबरत नाही. पण..." त्यानं हात पसरले. "हे कारण आहे. सबब म्हणून नाही सांगत. तुम्हाला एकटं पाडलं मी, ते चुकलं."

माणसं चूक कबूल करताना सहसा मागे एक 'पण' जोडतात. यानं 'पण' आधीच संपवून टाकला होता. लॅबवालीच्या दहा दिवसांच्या रागाला टेकायला जागाच उरली नाही.

"चहा घेणार?" ती म्हणाली.

"घेईन. पण आधी एक सांगायचंय... आत्याचा हात सुजलाय."

* * *

बादलीच्या कडीनं बोट कापलं होतं. आत्यांनी हळद दाबली, मग घरातल्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या. गोळ्या कशाच्या, कधीच्या, कुणास ठाऊक. चौथ्या दिवशी सूज मनगटाच्या वर चढली आणि ताप आला, तेव्हा त्यानं उचलूनच इस्पितळात नेलं. तिथे दोन दिवस सलाइनमधून औषध चालू होतं. सूज हटत नव्हती.

लॅबवालीनं कपात ओतलेला चहा तसाच ठेवला. "तिथल्या डॉक्टरांना सांगितलंत, की यांचा गोठा आहे? गोठ्यात काय सापडलंय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. गायीचा डॉक्टर, आणि गायीचं माणसात येऊ शकतं हे त्याला पक्कं माहीत होतं. पण घरच्या माणसाचा हात समोर आला की शिकलेलं सगळं मागे राहतं.

"तोच असेल असं मी म्हणत नाही," ती अहवालाच्या प्रती काढत म्हणाली. "ते त्यांच्या लॅबला ठरवू दे. पण हे त्यांच्यासमोर असायला हवं. चला."

इस्पितळातल्या सर्जन बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे परवा सांगितलं असतंत तर परवाच औषध बदललं असतं." त्याच दुपारी त्यांनी हात उघडून पू काढला, तो तपासायला पाठवला आणि औषध बदललं. दोन दिवसांनी इस्पितळाच्या लॅबमधून निकाल आला. सोनेरी ठिपके. चार औषधांना दाद न देणारे. जंतू गोठ्यातलाच होता.

ते दोन दिवस लॅबवाली काम संपलं की इस्पितळात जायची. कारण विचारलं तर 'निकालाचं काय झालं' असं ती सांगणार होती, पण कुणी विचारलंच नाही. लांबलचक ओसरीत बाकावर तो आणि ती बसत. तो लहानपणीच्या गोष्टी सांगायचा. आत्यानं त्याला वासराच्या पाठीवर बसवून अक्षरं गिरवायला लावली, म्हणून अक्षर असं. ती म्हणाली, वासराचा काही दोष नाही. एकदा बोलता बोलता त्याला तिथेच डुलकी लागली आणि डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिचा हात पुन्हा एकदा बधिर झाला. या वेळी तिला तो हलवायची घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आत्यांनी डोळे उघडून आधी गायींची चौकशी केली आणि मग दाराशी उभ्या असलेल्या लॅबवालीला बोटानं जवळ बोलावलं.

"माझ्या हातात आणि माझ्या गायीच्या कासेत एकच किडा निघाला म्हणे."

"हो."

"म्हणजे फडक्यानं गायीला दिला, आणि मीपण घेतला."

"हो, आत्या."

आत्यांनी पट्टीतला हात उचलून पाहिला. "तीस वर्षं करतेय, असं म्हटलं होतं ना मी तुम्हाला? तीस वर्षं चुकलं तर ते बरोबर होत नाही. काय करायचं ते सांगा. त्याला सांगू नका, तो माझ्यापुढे बोलत नाही. मला सांगा."

* * *

मग गोठा बदलला. प्रत्येक गायीला स्वतःचं फडकं, एकदा वापरलं की उकळायचं. धार काढणाऱ्याचे हात प्रत्येक गायीनंतर धुतलेले. निरोगी गायी आधी, आजारी सगळ्यांत शेवटी. धार झाली की सड औषधी पाण्यात बुडवायचे. कपाटातल्या अर्ध्या ट्यूबा आणि कालबाह्य बाटल्या डॉक्टरनं पोत्यात भरून नेल्या. अकरा गायींपैकी ज्यांना खरंच गरज होती त्या सहांना ते एक उरलेलं औषध, ठरलेले सगळे दिवस, मोजून. त्यांचं दूध विकायचं नाही आणि वासरांनाही नाही. एका म्हाताऱ्या गायीचा एक सड कायमचा बंद करावा लागला, तेव्हा आत्या तिच्या गळ्यात हात टाकून रडल्या आणि मग सडाच्या औषधाचा डबा मागायला आल्या.

फडकी मात्र मिळेनात. बाजारातली फडकी दोन उकळ्यांत विरायची. लॅबवालीनं घरी विषय काढला.

"आई, मला चौकोनी फडकी शिवून देशील? जाड सुती. प्रत्येकावर आकडा हवा, एक ते चोवीस. आणि प्रत्येकाची जोडी."

मशीन थांबलं. "कुणासाठी?"

"गायींसाठी."

"गायींसाठी," आईनं शांतपणे म्हटलं. "आणि गायींचा डॉक्टर वयानं केवढा आहे?"

लॅबवाली पाणी प्यायला उठली. आईनं अठ्ठेचाळीस फडकी शिवली. कडा दुमडून, आकडे निळ्या दोऱ्यानं भरून. अशी की आत्यांनी पहिल्या दिवशी ती गायींना लावायलाच नकार दिला. असली फडकी पाहुण्यांना देतात, म्हणाल्या.

सहा आठवडे ती दर रविवारी पहाटे गोठ्यात गेली. त्यानं नमुना घ्यायचा, तिनं नळी धरायची. शेरे आता कागदावर लिहायची गरज उरली नव्हती.

"नळी तिरपी धरा."

"मी तिरपीच धरलीय. तुम्ही माझ्याकडे बघताय, सडाकडे बघा."

"दोन्हीकडे बघता येतं मला."

"म्हणूनच पहिले चार नापास झाले."

सातव्या आठवड्यात चोवीस थाळ्या तिनं एका रांगेत मांडल्या. एकेक झाकण उचलत गेली. कोरी. कोरी. कोरी. शेवटी दोन थाळ्यांवर सोनेरी ठिपके होते, बाकी बावीस लख्ख लाल. अकरावरून दोन. आणि चकत्यांभोवती? ते एक वर्तुळ जिथल्या तिथे होतं, जराही आखडलं नव्हतं. औषध वाचलं होतं. तिनं फोन उचलला आणि आकडा सांगितला. पलीकडे त्यानं तो आकडा कुणाला तरी ओरडून सांगितला, आणि मग नुसता गलका.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "गोठ्यात आहे. आत्या सगळ्या गायींना नाव घेऊन सांगत सुटलीय."

* * *

दोन दिवसांनी, भर दुपारी, आईचा फोन आला. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

"एक बाई आल्यात घरी," आई हळू आवाजात म्हणाली. "ठेंगण्या, हातावर जखमेचा व्रण. फडक्यांचं सांगायला आले म्हणाल्या. दोन तास झाले, आम्ही खूप बोललो. आता म्हणतात, तुमची मुलगी आमच्या घरी द्या. मी म्हटलं, मुलाचं काय म्हणणं आहे? तर म्हणाल्या, त्याला बोलता येत नाही, म्हणून मी आलेय. पोरी, मुलगा मुका आहे का?"

लॅबवालीनं कोट काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला, आणि सरळ गुरांच्या दवाखान्यात जाऊन थडकली. तो अंगणात एका शेळीचा खूर कापत होता. शेळी पायांत धरलेली, हातात कातर.

"तुमच्या आत्या आमच्या घरी आल्यात," ती म्हणाली.

"फडक्यांचं सांगायला जाणार होती ना..."

"मला मागायला."

कातर खाली पडली. संधी साधून शेळी निसटली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरला, मग उलट्या दिशेनं चढला, कानांपर्यंत.

"मी... मी तिला काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "शप्पथ. एक अक्षर नाही."

"मला तरी कुठं सांगितलंयत?"

तो उभा राहिला. पँटवर माती, हाताला शेळीचे केस. दवाखान्यात आलेली दोन-तीन माणसं आपापली जनावरं विसरून बघू लागली होती. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"रोज सांगतो," तो म्हणाला, "स्कूटरवरून येताना. पूर्ण रस्ता सांगतो. तुम्ही समोर आलात की... तो रस्ता आठवत नाही." त्यानं श्वास घेतला. "त्या धुक्यात बाटली धरलीत, तेव्हापासून माझं तुमच्यावर... नाही. थांबा. नीट सांगतो. मला तू आवडतेस. खूप. सकाळी जाग येते तेव्हा आधी तू आठवतेस आणि मग दिवस कोणता ते. आत्यानं विचारलं म्हणून नको, फडक्यांसाठी नको. तुला हवा असेन तर..."

'तू' त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की तो स्वतःच दचकला.

तिनं पुढे होऊन त्याचा हात धरला, मातीसकट, केसांसकट. जन्मभर दर अर्ध्या तासाला साबणानं हात धुणारी ती, तिनं तो हात धरला आणि सोडला नाही.

"चल," ती म्हणाली. "घरी दोघी आपली वाट बघतायत. आई तुला मुका समजलीय. आधी तिच्याशी काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"जे आत्ता बोललास, ते. अक्षरशः."

तो हसला, ती लपलेली खळी पूर्ण दिसेल इतका. शेळीच्या मालकानं शेळी धरली आणि म्हणाला, डॉक्टर, जा तुम्ही, हिचे खूर उद्या कापा, हिला काही घाई नाही. मग एका स्कूटरवर दोघं बसून निघाली. वाटेत तो काही तरी पुटपुटत होता. तिनं मागे वळून विचारलं तर म्हणाला, सराव करतोय.

घराच्या दारात चपलांचे दोन जोड होते. आतून आईच्या मशीनचा नाही, दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. तिनं दार ढकललं आणि त्याला पुढे केलं.